तली की मनी

पहाटे पाच-पाचला गजर बंद करायला
उजव्या कुशीवर वळलो,
आणि पत्रा, पंखा, पंख्याच्या दांडीवरची जळमटं
सगळं चकमध्ये धरल्यागत गरगरलं.
गादीची कड घट्ट धरली.
बायको म्हणाली, काय झालं?
म्हटलं, घर फिरूलंय.
घर कसं फिरंल? पित्त असंल.

बारा दिवस पित्तच होतं.
मग साखर. मग बीपी. मग मानेचा मणका,
त्याचा फोटो साडेपाच हजाराचा,
काळ्या फिल्मवर माझी मान पांढरी,
सरळ, शाफ्टसारखी.
हिंडलग्याच्या मेहुण्यानं लिंबू उतरवला,
त्यानंही पाच मिनिटं बरं वाटलं.
मालक म्हणाले, कांगराळकर, लेथला शिवू नका,
एखाद दिवशी हात जाईल आत.
उद्यमबागेत एकतीस वर्षं,
आणि आता स्टुलावर बसून बोल्ट मोजायचे.

खानापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर
डॉक्टर हुलकुंद. पोरसवदा.
मराठी कळतं, बोलताना अडखळते.
तिनं फोटो पाकिटातून काढलाच नाही.
विचारलं,
"तली तिरगतैती, इल्ला मनी तिरगतैती?"
डोकं फिरतंय, की घर?

एवढं बारा दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.
मनी, म्हटलं. मनीच की.
किती वेळ?
गादीची कड सुटत नाही तोवर.
घड्याळात सांगा.
अर्धं मिनिट. तासाएवढं अर्धं मिनिट.
कानात शिट्टी?
मॅडम, आमच्या शेजारी फोर्जिंगचे हातोडे,
शिट्टी नसलेला कान दाखवा तुम्ही.
ती हसली, तरी लिहून घेतलं.

मग टेबलावर.
डोकं उजवीकडे, अर्ध्या काटकोनात.
दोन्ही तळव्यांत तिनं कवटी धरली
जसा मी जॉब धरतो,
घट्ट, पण ओरखडा न उठवता,
आणि एकदम मागं. कडेखाली लोंबतं डोकं.
"कण्ण मुच्चब्याड्री."
डोळे मिटायचे नाहीत.

वंद. एरड. मूर.
काही नाही. मला लाजच वाटली.
नाक.
ऐद

आलं.
छत सुटलं, ट्यूबलाईट सुटली,
तिचा चेहरा एकाच बाजूनं पुन्हा पुन्हा येत राहिला,
मी तिचं मनगट पकडलं, आईला हाक मारली बहुतेक.
ती माझ्याकडे बघत नव्हती.
माझ्या बुबुळांकडे बघत होती,
डायलच्या काट्याकडे मी बघतो तशी, श्वास धरून:
कुठल्या अंगाला धावतो, कधी मंदावतो.
ती नजर मला ठाऊक आहे.
शतांशभर रनआऊट तिला सापडतो.

डावीकडे काहीच नाही. काटा शून्यावर.
"उजवा कान," ती म्हणाली.

आत चुन्याचे बारीक खडे असतात म्हणे,
वर काय नि खाली काय ते सांगणारे.
त्यातले थोडे सुटून कालव्यात पडलेत.
कालव्यात? मला हुक्केरीकडचा घटप्रभेचा कालवा दिसला,
सासुरवाडीच्या बांधाशी गाळानं भरलेला.
म्हटलं, म्हणजे कूलंटच्या लायनीत बर गेलाय.
बर तिला कळला नाही.
तिनं कागदावर लिहिलेलं लांबडं नाव मला.

डोकं डावीकडे. मग कूस. मग तोंड जमिनीकडे.
प्रत्येक ठिकाणी थांबून,
जसा पाईप वळवत वळवत
आतला चुरा तोंडाशी आणावा.
उठलो. भिंत भिंतीच्या जागी.
फी चारशे. गोळी एकही नाही.
तेही थोडं खटकलंच.

रात्री दोन उशांना टेकून बसलो.
उजवीकडे वळायची छाती होईना.
म्हणून पेटीतली पाणसळ काढली,
खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.
बुडबुडा दोन रेघा न्हाणीकडे सरकला
आणि तिथंच राहिला.
पालटून ठेवली.
पुन्हा न्हाणीकडेच.

बायकोला हलवलं. ऊठ गं. घर बघ.
झोपेतच म्हणाली, फिरूलंय?
म्हटलं, नाही. नुसतं तिरकं आहे.
एकोणीस वर्षं.
कुणी लावूनच बघितलं नव्हतं.